ताईचं शेवटचं पान

प्रिंटर-स्कॅनर दुरुस्तीच्या दुकानात मी माझा नंबर यायची वाट पाहत होते. शेजारी गणवेशातल्या नर्सबाई मांडीवर स्कॅनर घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या पलीकडे गळ्यात टेप अडकवलेले शिंपीकाका. दोघांच्याही पिशव्यांत जुनी कॉमिक्स.

"हा मेला स्कॅनर! पानासोबत मागच्या बाजूची चित्रंही उमटवतो, काका."

"त्याला शिव्या नका देऊ, सिस्टर. कागदच पातळ असतो. पानामागे काळा कागद ठेवा, काही उमटणार नाही."

"इतकं सोपं? कुणी शिकवलं?"

"ह्या अंकातल्या ह्या पानानं. वहीचं आहे, बघा. मागची गणितं सारखी पुढे यायची."

"कॉमिक्समध्ये वहीचं पान?"

"शेवटचं पान फाटलेलं होतं. चोराचं पुढे काय झालं म्हणून मी दोन दिवस रडलो, तेव्हा ताईनं मनानंच चित्रं काढून हे पान दिलं. नववीत होती. खरं पान चाळीस वर्षं शोधतोय."

"हा अंक? माझ्याकडे आहे की, अख्खा! उद्याच स्कॅन पाठवते."

"काय सांगता! बदल्यात मागाल तो अंक देतो."

"अंक नको. ताईंचं हे पान स्कॅन करून द्या."

"खरं तुमच्याकडे असताना?"

"खऱ्यात चोराला नुसतं पकडतात हो. इथे त्याची कुत्री दातांनी दोर तोडून त्याला सोडवतेय. आणि तिची ऐट तर बघा!"

"ऐटबाज आहेच मुळी ती!"

"स्कॅनखाली नाव काय लिहू? 'चित्र: शिंपीकाकांची ताई'?"

"छे! नाव-आडनावासकट लिहायचं. हं, घ्या पेन."