बोल्टांमागचा धूर

हसू नका, पण त्या दिवशी माझा पार गोंधळ उडाला. कुडाळला आमचा बोल्टांचा कारखाना, माल युरोपात जातो. तिकडचे साहेब व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "आता आमच्याकडे बाहेरच्या लोखंडावर कार्बन कर लागतो. तुमच्या बोल्टांमागे धूर किती, ते कळवा."

आमचे फोरमन आबा चक्रावले. "धूर? आपल्याकडे चिमणीच नाय!"

"आपल्या बोल्टांची सळी जिथे बनते, तिथला धूरही आपल्याच नावावर," मी म्हटलं.

"चूल तेंची, धूर तेंचो, आणि खोकलो आमका?"

मी सळीवाल्याकडून आकडा मागवून साहेबांना दिला, तर पुढच्या कॉलवर म्हणतात, "हा खरा कशावरून? तुमच्याशी लागेबांधे नसलेला साक्षीदार द्या, नाहीतर ऑर्डर रद्द."

आबांनी तिथल्या तिथे देवाच्या फोटोसमोर नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्यो आकडो खरो आसा, ह्येका तूच साक्षी!"

सगळे कामगार ओरडले, "व्हय म्हाराजा!"

साहेब बावचळले. "हे महाराज कोण? तुमच्या पगारावर आहेत का?"

मी आबांकडे बघितलं.

आबा म्हणाले, "पगार नाय म्हणान सांग. निसतो नारळ घेता."