पासावरची सवलत

आता तुम्हीच सांगा, बर्फाचा डोंगर डोळ्यांसमोर उभा असताना त्याच्या पायथ्याशी बाकड्यावर बसून नेलकटरनं प्लास्टिक सोलत बसणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? मी नवरा म्हणते... दुसरं काय म्हणणार, लग्न झालंय.

तुम्हाला सांगते, याचं मूळ म्हणजे माझी नणंद. ती गेल्या वर्षी परदेशात जाऊन आली आणि आल्या आल्या आमच्या सोफ्यावर पाय पसरून म्हणाली, "वहिनी, रेल्वेचा पास आधीच काढून ठेवा हो. डोंगरावर जाणाऱ्या गाडीला पासावर सवलत आहे. निम्म्या पैशात वर." झालं, तेव्हापासून ह्यांच्या तोंडी उठता-बसता तेच. मी विचारलं, स्वेटर जाड घेऊ का? तर म्हणे, "घे, पासावर सवलत आहे." आता स्वेटरचा आणि पासाचा काय संबंध?

मला सवलतीचं काही नव्हतं हो. मला बर्फ हवा होता. जन्मभर बर्फ पाहिला तो फ्रिजच्या वरच्या कप्प्यातला, उलथन्यानं खरवडलेला, त्यालाही कालच्या भाजीचा वास. एकदा, फक्त एकदा, आभाळातून पडलेला बर्फ मुठीत घ्यायचा, एवढंच माझं मागणं.

पण आमच्या ह्यांची खोड तुम्हाला माहीत नाही. महत्त्वाचा कागद हातात आला की हा माणूस चपला घालतो, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातो आणि लॅमिनेट करून आणतो. माझं दहावीचं सर्टिफिकेट, मुलीचं लशींचं कार्ड, कुकरची गॅरंटी... एकदा तर डॉक्टरांची चिठ्ठी. औषधवाला म्हणाला, "काका, यावर शिक्का कुठे मारू?" त्यावरून तरी शहाणं व्हावं की नाही? नाही. आम्हा दोघांचा मिळून एकच पास घरी आला आणि संध्याकाळी चकचकीत होऊन बसला. वर मला दाखवतात, "बघ, आता पाण्यात पडला तरी काही होणार नाही." अहो, आपण डोंगरावर चाललोय की पोहायला?

तिकडे नोकरीला असलेल्या भाचीनं विमानतळावरून गाडीनं थेट पायथ्याच्या हॉटेलात सोडलं, त्यामुळे पास बाहेर निघाला तो एकदम डोंगराच्या तिकीटखिडकीवर. हे छाती फुगवून पुढे. खिडकीतल्या बाईनं पास उलटा केला, सुलटा केला आणि आमच्याकडे असं बघितलं, जसं आम्ही तिला हॉटेलातलं मेनूकार्डच दिलंय. पासावर रिकाम्या चौकटी होत्या. ज्या दिवशी प्रवास, त्या दिवसाची तारीख आपल्या हातानं तिथे लिहायची, तेव्हा कुठे पास चालू. तिनं पेन पुढे केलं. ह्यांनी लिहिलं, पेन घसरलं. दाबून लिहिलं, आणखी घसरलं. मग कुठूनसा मार्कर पैदा केला, तारीख उमटली, मला तर हायसं वाटलं... तेवढ्यात बाईनं त्यावरून अंगठा फिरवला. तारीख गेली अंगठ्यावर. "नो," म्हणाली. एवढं इंग्रजी मलाही कळतं.

मी म्हटलं, "जाऊ दे हो, पूर्ण तिकीट काढू." तर हे काय म्हणाले माहितीये? "पूर्ण? पासावर सवलत असताना? प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे." तत्त्व म्हणे. बर्फ तिकडे वर, मी इकडे खाली आणि मध्ये ह्यांचं तत्त्व.

हॉटेलात त्या पासावर इस्त्री फिरवली. खोलीभर जळक्या चपलेसारखा वास. केस वाळवायचं मशीन लावलं, तर मेलं प्लास्टिक आणखी घट्ट. शेवटच्या दिवशी पुन्हा पायथ्याशी. गाड्या वर जातायत, लाल नाकाची माणसं हसत खाली येतायत आणि मी नेलकटरकडे बघत बसलेय. अखेर कोपरा सुटला. हे म्हणाले, "आलं, आलं..." आणि फर्रकन आलं. चौकटींसकट.

तेवढ्यात कुणाच्या तरी बुटाला चिकटून आलेला गोळा माझ्या पायाशी पडला. चिखलात कालवलेला, काळाकुट्ट, वर सिगारेटचं थोटूक. तर हे मान वर करून म्हणतात कसे, "हा बघ बर्फ. फुकट."

किळस आली हो मला. बर्फाची नाही.

उठले. नणंदेसाठी पर्स घ्यायला पैसे ठेवले होते, ते खिडकीत सरकवले आणि दोन बोटं दाखवली. पूर्ण भाड्याची दोन तिकिटं. ह्यांनी तोंड उघडलं, मी नुसतं बघितलं, त्यांनी मिटलं.

वर गेलो. काय सांगू... मी हातमोजा काढला आणि कोपरापर्यंत हात खुपसला. बोटं बधिर झाली, तरी मी मूठ सोडेना. हे मागे उभे. जरा वेळानं हळूच विचारलं, "कसा आहे?" म्हटलं, "गार." मग त्यांनीही चिमूटभर उचलला, तळहातावर धरून पुरता विरघळेपर्यंत बघत राहिले. म्हणाले, "चांगला आहे गं." मला भरूनच आलं. तर पुढे म्हणाले, "पासावर सवलत होती ना, म्हणून वाईट वाटतं."

घरी पोहोचलो. नणंद अजून बोलत नाही, ते एक सोडा. मला वाटलं, चला, सुटले त्या पासातून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत हे कोपऱ्यावर जाऊन ती दोन पूर्ण भाड्याची तिकिटं लॅमिनेट करून घेऊन आले.