अंतोनला कापून गेलेलं जहाज

मी भाईंदरजवळच्या चौक गावचीच, जन्म हितला आन् लगीन पण हितंच, चार घरं टाकून, त्यामुळं दर्या सोडून दुसरं कायच बघितलं न्हाय मी. नवरा माझा अंतोन, आमच्या बोटीचा तांडेल, म्हंजे बोटीवर त्याचाच हुकूम. तापट माणूस, पण ताटात सुकटीची चटणी पडली की गप्प. काय सांगू तुमाला, भर दुपारी गेला तो. दर्या सपाट, ऊन लख्ख, जाळं पाण्यात, आन् ते मालाचं मोठं जहाज सरळ आलं. माझा दीर पास्कू बोटीवर व्हता, तो सांगतो, आमी फडकी हलवली, भोंगा वाजवला, बोंबललो, पण ते वळलंच न्हाय, बोटीचे दोन तुकडे करून गेलं. पास्कू बोयाला धरून तरंगला, आन् त्याच्या डोळ्यांदेखत अंतोन आत खेचला गेला, जहाजाच्या पंख्यात. जे वर आलं तेच पुरलं. पेटी उघडू दिली न्हाय मला. जहाज थांबलं पण न्हाय, पण मागं लिवलेलं नाव पास्कूनं वाचलं.

पोलिसांना नाव दिलं, तर ते बोलले जहाज गेलं देशाभाईर, मालक म्हणतात आमी कुणाला धडकलोच न्हाय. मग माझी पोरगी रोझी, भाईंदरला कामाला जाते, तिनं मोबाईलवर जहाजं कुठं हायत ते दावणारं ॲप घालून दिलं. नकाशावर बाणासारखी खूण आन् तेच नाव. मासळी विकताना पण मी तेच बघायची. लांब दर्यात गेलं की खूण गायब, मग कुठल्यातरी परक्या बंदराशी उगवायची. रोझी वराडायची, मम्मी, पुरे कर, जेव आता. मी बोलायची, तू गप.

आन् एक दिवस खूण हिकडं वळली. मुंबईभाईर नांगर टाकून उभं राहिलं. मी पास्कूला बोलली, चल. त्याच्या नव्या बोटीनं गेलो, तर लोखंडाची भिंतच ती. मी पहार उचलली न् त्या पत्र्यावर घाव घातले, खुन्यांनो, खाली या, असं बोंबलत. वरून त्यांनी पाण्याचा फवारा सोडला, इतका जोराचा की मी उडून इंजिनावर आपटली, हात मोडला, हाड कातडीतून भाईर. पास्कूचं टाळकं फुटलं. रक्तानं डोळे भरलेले, तसाच त्यानं डिझेलचा कॅन उचलला, बोलला वैनी, जाळतोच ह्यांना. जळलो असतो आमीच. मी दुसऱ्या हातानं त्याची कॉलर धरली, बोलली, तुझ्या बायकोला पण माझ्यासारखी बसवायची काय रे? तेवा बोट फिरवली त्यानं, रडत रडत.

अंतोनची केस चालू हाय. हात वाकडाच बसला. ते जहाज अजून येतं, जातं. राग गेला न्हाय माझा, जाणार पण न्हाय. पण खूण आपल्या बाजूला वळली की मी उठून मच्छीमार सोसायटीत जाते आन् वायरलेसवर बोटींना सांगते, बाबांनो, ते जहाज येतंय, जाळी वर घ्या, बाजूला व्हा. कुणी हसत न्हाय, ऐकतात. काल पण सांगितलं. समदी घरी आली. देव त्यांना रोज असंच आणो.