वेलांटी दुरुस्त केली, ओळ वाचली नाही

आपल्या केंद्राचे माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे डॉक्टर, शेजारच्या दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापिका, आज ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आपल्या समुपदेशक बाई, आणि समोर बसलेल्या आयांनो, बापांनो, आजी-आजोबांनो,

तुमच्यातले निम्मे लोक दाराजवळच्या खुर्च्या धरून बसले आहेत. त्याचं कारण मला कुणी सांगायला नको. मूल कधी उठून पळेल याचा नेम नसतो, म्हणून लग्नात, दवाखान्यात, नाटकाला, कुठेही गेलं तरी आपली जागा दाराशी. आणि आपल्या सगळ्यांना एक वाक्य ऐकवलं गेलेलं आहे. "घरात शिस्त लावत नाही वाटतं कुणी?" कुणाला ते शाळेच्या पायरीवर ऐकवलं, कुणाला सख्ख्या नणंदेने, कुणाला बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाने.

आपल्या मुलांना एडीएचडी आहे. लक्ष टिकवणं, थांबणं, एका जागी बसणं ही कामं त्यांच्या मेंदूला इतरांपेक्षा जड जातात. हे लाडाने होत नाही आणि माराने जात नाही. डॉक्टर हेच सांगतात, पुस्तकांत हेच आहे, मी ती ढिगाने वाचली आहेत. तरी निकाल लागतो तो आईवर. साक्ष नाही, पुरावा नाही, बाजू मांडायची सोय नाही. असा निकाल मला मान्य नाही, आणि या सभागृहात कुणालाही तो मान्य असता कामा नये.

अध्यक्ष महोदय, दोन मिनिटांत माझा आवाज चढला. बाईंनी सकाळीच बजावलं होतं, "निरोपाचं भाषण आहे, मोर्चा काढू नका." प्रयत्न करतो.

बाई आज निवृत्त होत आहेत. वीस वर्षं, दर शनिवारी चार ते सहा, वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत त्यांनी वर्ग घेतला. मुलांचा नव्हे, आपला. बालवाडीच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले आपण, आणि समोर फळा. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक शब्द कायम लिहिलेला असे आणि त्यावर फुली. 'मुद्दाम'. हा शब्द वर्गात बोलायला बंदी. "तो मुद्दाम करतो हो" असं कुणी म्हटलं की बाई फळ्याकडे बोट करायच्या, आणि तेच वाक्य त्या शब्दाशिवाय पुन्हा म्हणावं लागायचं. आपले बसचालक दादा एकदा वैतागून म्हणाले, "बाई, तो शब्द काढला तर माझ्याकडे बोलायला काही उरतच नाही." बाई म्हणाल्या, "मग आज नुसतं ऐका." दादा, हसू नका, तुमचंच सांगतोय.

गेल्या आठवड्यात खाली फलकावर सूचना लागली. 'समुपदेशकाचे पद तूर्तास भरण्यात येणार नाही.' मी मुद्रितशोधक आहे. छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका काढणं हा माझा धंदा. 'तूर्तास' हा शब्द मी तीस वर्षं तपासतो आहे. लिहायला तीन अक्षरं, पण त्याची खरी लांबी मला ठाऊक आहे. पुढच्या शनिवारी ती खोली बंद असेल. मग नव्याने येणाऱ्या आईबापांनी जायचं कुठे? आज माझ्या मनात एवढा एकच प्रश्न आहे.

बाईंविषयी बोलायचं तर मला माझी एक चूक सांगावी लागेल. त्यासाठी घरातून परवानगी घेतली आहे. माझी बायको पहिल्याच रांगेत बसली आहे. ती म्हणाली, "सांगायचं तर पूर्ण सांगा. निम्मं सांगून थोर होऊ नका."

आमची लेक तेव्हा आठ वर्षांची होती. सगळी इमारत तिला भिंगरी म्हणायची. केस विंचरायला कंगवा आण म्हटलं की ही आत जायची, आणि दहा मिनिटांनी एका पायात बूट घालून गच्चीवर मुंग्यांची रांग बघत बसलेली सापडायची. मी संध्याकाळी छापखान्यातून आलो की तिच्या वह्या घ्यायचो आणि लाल पेनने तपासायचो. पानं रक्तबंबाळ. मला वाटायचं, मी बाप म्हणून माझं काम करतो आहे. दिवसभर तिच्यामागे धावायची ती तिची आई.

बाईंनी प्रत्येक घराला एक वही दिली होती, आठवत असेल. काय घडलं, त्याच्या आधी काय घडलं होतं, मग आपण काय केलं, एवढंच त्यात लिहायचं. आमच्याकडे ती बायकोने लिहिली. सोमवार, मंगळवार, बुधवार. शुक्रवारी ती माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "एकदा बघून घ्या." मी पेन घेतलं आणि बघून घेतलं. दोन ठिकाणी अनुस्वार राहिला होता, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं. खुणा केल्या, वही परत दिली.

शनिवारी वर्ग सुटल्यावर बाईंनी मला थांबवलं. बायको मागे खुर्च्या रचून ठेवत होती. बाई वही चाळत म्हणाल्या, "केवढं बारीक तपासता हो तुम्ही."

मी फुललो. म्हणालो, "सवयच आहे."

"या ओळीत काय दुरुस्त केलंत?"

"'नकोशी'ची वेलांटी. पहिली दिली होती, दुसरी हवी."

"बरोबर आहे. आता ती ओळ वाचा. मोठ्याने."

मी वाचली. 'दुपारी तिला खोलीत घालून बाहेरून कडी लावली. दाराशी बसून राहिले. मला आज ती नकोशी वाटली.'

मंडळी, आमच्या धंद्यात एक शिकवण असते. मजकुरात गुंतायचं नाही. अर्थात रमलात तर अक्षरं निसटतात, म्हणून अक्षरांवरच नजर ठेवायची. छापखान्यात ते ठीक. मी घरी येऊन तेच केलं. माझ्या घरात एक बाई बुडत होती, तिने ते स्वच्छ अक्षरात लिहून माझ्या हातात दिलं होतं, आणि मी तिची वेलांटी दुरुस्त केली होती.

बायकोने हातातली खुर्ची खाली ठेवली. म्हणाली, "मला वाटलं, वाचल्यावर तरी विचाराल. मी स्वयंपाकघरात उभी राहून वाट बघत होते. तुम्ही म्हणालात, वही झाली, घेऊन जा."

 

बाई तिला रागावल्या नाहीत. कडी लावणं बरोबर, असंही म्हणाल्या नाहीत. फक्त विचारलं, "पुढच्या वेळी हात कडीकडे गेला तर आधी फोन कुणाला कराल?"

"कुणाला करणार? सगळे मलाच बोल लावतात."

बाईंनी खिडकीतून खाली हाक मारली. बसचालक दादांची बायको, आपल्या वहिनी, फाटकापाशी पोचल्या होत्या, त्यांना वर बोलावलं आणि म्हणाल्या, "यांचा नंबर घ्या. यांनीही कडी लावलेली आहे." वहिनी म्हणाल्या, "कडी कसली, मी तर त्याला शेजारी टाकून बसथांब्यावर जाऊन बसले होते. दोन बस सोडल्या." आणि त्या दोघी त्या खोलीत हसल्या, आणि हसता हसता रडल्या. त्यानंतर आमच्या घरात कडी लागली नाही. फोन मात्र पुष्कळ लागले.

चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. सूचना एका वेळी एकच द्यायची, हे मला शिकायला वर्ष लागलं. डॉक्टरांनी औषध सुचवलं, तर लोकांच्या सांगण्याला घाबरून आम्ही दोन वर्षं भांडत बसलो. ती दोन वर्षं तिची गेली. लाल पेन मी छापखान्यातच ठेवायला लागलो, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ बायको एकटी बाहेर जायला लागली. कुठे जाते ते मी विचारत नाही. भिंगरी आता अकरावीत आहे. आज इथे पाच वाजता यायचं ठरलं होतं, अजून पोचलेली नाही. येईल.

मुलासाठी डॉक्टर आहेत, शाळा आहे, तपासण्या आहेत. त्याला सांभाळणाऱ्या आईला कोण आहे? बाईंनी वीस वर्षं एवढंच पाहिलं की या गावात ज्या आईला कुणी नाही तिच्या हाती एक नंबर असावा. पद भरलं जावं म्हणून आपण भांडू. मी तर भांडेनच, अध्यक्ष महोदय, तुम्हाला ते आत्ताच सांगून ठेवतो. पण वर्गासाठी नाव नोंदवून थांबलेली एकतीस कुटुंबं आहेत. ती आपल्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत थांबू शकत नाहीत.

त्या सगळ्यांना विचारून, त्यांच्या होकाराने, आम्ही प्रत्येकाचा नंबर एकेका चिठ्ठीवर लिहिला आहे. आपण समुपदेशक नाही. औषधाचं डॉक्टर बघतील. आपण फोन लावायचा, मी अमक्याची आई, मी तमकीचा बाप, असं सांगायचं आणि समोरचं माणूस बोलेल ते ऐकायचं.

बाई, तुम्ही माझ्याकडून एक ओळ मोठ्याने वाचून घेतलीत, त्याबद्दल आमचं घर तुमचं ऋणी आहे. आयोजकांनी मला बोलायला उभं केलं, आपण सगळ्यांनी पाठ आखडेपर्यंत ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, कुणाचा उल्लेख राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

चिठ्ठ्या खाली जिन्यापाशी टेबलावर आहेत. जाताना एक उचला, आणि उद्या सकाळी अकराच्या आत तो फोन लावा.