कठड्यापाशी रेंज आहे

राजेश्वरी : निघताना तुमच्या आई काय म्हणाल्या होत्या? 'आंबोलीला जाऊन काय बघणार गं राजी, ढगात हात घालून उभं राहायचं आणि ओली कापडं घेऊन परत यायचं.' मी हसले. म्हटलं, आत्याबाई, तुम्हाला वडगावच्या बाहेरचं काही आवडतच नाही. आता बघा. सकाळपासून ढगात हात घालून उभी आहे.

सिद्धेश : जरा दम धर की. तो कणीसवाला म्हणतोय, आत्ता उघडतंय. उघडलं की सगळं कोकण पायाखाली.

राजेश्वरी : त्याला ते म्हणावंच लागतं. दरी दिसली तर माणसं बघून निघून जातील, मग कणसं कोण खाणार? शिवराज, बाळा, हात सोडायचा नाही. त्या दादाकडं बघू नकोस. तो कठड्याच्या पलीकडं जाऊन फोटो काढतोय. त्याच्या आईला वाटत असेल, पोरगा कॉलेजला गेलाय.

(आंबोलीच्या कावळेसाद पॉइंटचा कठडा. समोर सगळं पांढरं. वारा दरीतून वर येतो आहे.)

सिद्धेश : दे पोराला हिकडं. खांद्यावर घेतो. वरनं बघू दे जरा.

राजेश्वरी : काय बघू दे? खालून पांढरं दिसतंय, खांद्यावरून जास्त पांढरं दिसेल? तीन वर्षांचं पोर आहे, वाऱ्यानं माझा पदर राहत नाही जाग्यावर. राहू दे त्याला जमिनीवर.

सिद्धेश : तुला कशातच मजा वाटत न्हाय. आल्यापासनं त्यो मोबाईल आणि तू.

राजेश्वरी : मी इथं का उभी आहे असं वाटलं तुम्हाला? निसर्ग बघतेय? खोलीत रेंज नाही, जेवायला बसतो तिथं नाही. या कठड्याच्या टोकाला दोन काड्या येतात. आत्याबाई फोन उचलत नाहीत.

सिद्धेश : आई विणाय बसली असंल, माग चालू असंल. मागाच्या आवाजात फोन ऐकू येतोय व्हय कधी?

राजेश्वरी : गेल्या महिन्यात चक्कर येऊन पडल्या तेव्हाही हेच म्हणालात. माग चालू असेल. त्या जमिनीवर होत्या. डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं, साखर एकदम उतरते, खाण्याची वेळ चुकवू देऊ नका, एकटंही ठेवू नका.

सिद्धेश : एकटी कुठं हाय? रचना येणार काकतीहून.

राजेश्वरी : तुमची बहीण येणार होती. तिचा मेसेज मला आज इथं उभं राहिल्यावर वाचायला मिळाला. 'वहिनी, सासरी पूजा निघाली, मला जमणार नाही, अण्णाला तसं कळवलंय.' अण्णा म्हणजे तुम्हीच ना?

सिद्धेश : सांगितलं असतं तर तू आली असतीस काय?

राजेश्वरी : नाही.

सिद्धेश : मग? बुकिंग वाया गेलं असतं.

राजेश्वरी : हो, ते मात्र वाईट झालं असतं. व्हॅली व्ह्यू खोली. खिडकी उघडली की ढग आत येऊन पलंगावर बसतो. काल मॅनेजरला विचारलं, दरी कुठल्या बाजूला आहे हो, तर त्यानं भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. वर म्हणाला, मॅडम, सेम असंच दिसतं. आणि तुम्ही त्याच फोटोचा फोटो काढून स्टेटसला ठेवलात.

सिद्धेश : गल्लीतल्या शामूनं ठेवलता की गेल्या वर्षी. सगळी गल्ली म्हणत हुती, लई भारी, लई भारी.

राजेश्वरी : शामूचाही भिंतीवरचाच असेल. कोपऱ्यात ट्यूबलाईट दिसत होती.

सिद्धेश : बोल, बोल. वर्षातनं एकदा भाईर काढलं बायकोला, तर हे.

राजेश्वरी : ते बघा, त्या टोपीवाल्यानं पाण्याची बाटली दरीत फेकली. वाऱ्यानं उचलून परत त्याच्याच बायकोच्या अंगावर आणून टाकली. आता हसतायत सगळे. दुसरी फेकतोय. शिवराज, मागं ये. थांबा, शेजारच्या मालुआक्कांना लागला फोन. स्पीकरवर टाकते. हॅलो, आक्का?

मालुआक्का : बोल गं. दिसली काय दरी?

राजेश्वरी : नाही दिसली. आक्का, तुमच्या शेजारी…

मालुआक्का : दिसतीया कुठली. आमचा भावकू गेलता तिकडं दोस्तांसंगं. आल्यावर म्हणतोय, आई, लई बघितलं. काय बघितलंस रं म्हणलं, तर म्हणतोय, भजी.

सिद्धेश : मालुआक्का, हिला जरा सांगा. आई फोन उचलत न्हाय म्हणून जीव खाल्लाय हिनं माझा.

मालुआक्का : कशी उचलंल बाबा? तुमचा माग चालू हाय की. आमचा आज बंद हाय, बीमावरचं सूत संपलंय, त्यामुळं भिंतीतनं सगळं ऐकू येतंय. थांब, फोन भिंतीला लावते. … आलं काय ऐकू?

सिद्धेश : झालं समाधान? खटक-खटक चाललंय बघ. ठणठणीत हाय म्हातारी. चल आता, तिकडं चहा घेऊ.

राजेश्वरी : आज बघितलंत का तुम्ही त्यांना, आक्का?

मालुआक्का : सकाळी रांगोळी काढाय लागल्या हुत्या. पोरं आंबोलीला गेल्याती म्हणल्या, आज निवांत विणते. आणि खरंच गं. तुम्ही तरणी माणसं ढग बघाय जाताय, आणि हिकडं ही बाई, मी भाकरी थापाय बसल्यापासनं ऐकाय लागले, एकदा बी माग थांबला न्हाय. असली नेटाची बाई अख्ख्या वडगावात मिळायची न्हाय.

राजेश्वरी : एकदाही नाही?

मालुआक्का : न्हाय की. जेवणं झाली आमची, भांडी झाली. चालूच हाय.

राजेश्वरी : अहो, त्या मागाचा काटा बसवलात का तुम्ही?

सिद्धेश : कुठला काटा?

राजेश्वरी : सूत संपलं की माग आपोआप थांबवतो तो. गणपतीच्या आधी मोडला होता.

सिद्धेश : आल्यावर बसवतो म्हणलं न्हवतं काय? आता मागाचं काय काढलंस मधीच? चालतंय त्याच्याबिगर. कांडीवरचं सूत संपलं की आई हातानं माग थांबवती, दुसरी कांडी घालती, परत चालू करती.

राजेश्वरी : एक कांडी किती वेळ पुरते?

सिद्धेश : कांडी काय, पाच-सात मिंटं…

राजेश्वरी : आणि कुणी थांबवलाच नाही तर?

सिद्धेश : तर लाईट हाय तवर मोकळाच चालतोय. … राजी, गाडीची चावी तुझ्याकडं हाय काय?

मालुआक्का : काय झालं गं? चावी कशाला?

राजेश्वरी : आक्का, तुम्ही सकाळपासून ऐकताय तो माग मोकळा चाललाय. त्याच्यात सूत नाही. कांडी कुणी बदललेलीच नाही.

मालुआक्का : अगं आई…

राजेश्वरी : बसू नका, उठा. परसातलं दार नुसतं ओढलेलं असतं, कडी नसते. जाताना वाटीत साखर घ्या, आणि भावकूला संगं घ्या. आत गेल्या गेल्या आधी माग बंद करा, मग हाक मारा. म्हणजे त्यांनी ओ दिली, तर तुम्हाला ऐकू येईल.