साडूची वेळ

...नाही, पण मी म्हणतो, जगात एवढे प्रोग्रॅम पडलेत, ह्याला नव्याने लिहायला नेमका माझाच सापडावा? साडू हो, साडू माझा! बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मीच चिकटवला त्याला आमच्या ऑफिसात. ह्याच तोंडाने साहेबांना म्हणालो, "हुशार आहे." जीभ झडली का नाही माझी तेव्हा! पण जळत नाहीये हं मी, तुम्हाला नुसतं सांगतोय.

आता काम काय, तर ऑफिसातल्या चारशे मशिनींची घड्याळं एकसारखी ठेवायची. त्याला डीमन म्हणतात आमच्यात. म्हणजे पडद्यामागे गुपचूप राबणारा प्रोग्रॅम, कुणी नाव घेत नाही, बिघडला की मात्र सगळे शिव्या घालतात... मोठ्या जावयासारखा! अकरा वर्षं मी तो जपला, घासला, पुसला. एखादं घड्याळ पुढे गेलं की माझा प्रोग्रॅम कान धरून मागे ओढायचा. एकदा ओढताना जरा जास्त ओढलं गेलं, आणि पत्र यायच्या आधीच त्याचं उत्तर गेल्याची नोंद झाली. एकदाच हो! तर साडू काय म्हणतो, मऊ आवाजात, "दादा, मागे कशाला ओढायचं? चाल थोडी मंद करायची, येतं आपोआप जागेवर." येतं आपोआप! आणि साहेब मान डोलावतात! घरी बायको, "बघा, किती समजुतीने घेतात ते." अगं, घड्याळाला समजुतीने घेतात, मला घेतात का कुणी?... जळत नाहीये मी!

शेवटी साहेब म्हणाले, शुक्रवारी दोन्ही प्रोग्रॅम शेजारी-शेजारी चालवा, ज्याचा खऱ्या वेळेशी फरक कमी तो चारशे मशिनींवर. म्हटलं, या! परीक्षक म्हणून, म्हणजे जिची वेळ खरी धरायची, ती कोपऱ्यातली जुनी मशीन मीच निवडली, एकदम भरवशाची. आणि निकाल काय? माझा फरक शून्य! शून्य हो! साडूचा? सेकंदाचे हजार तुकडे करा, त्यातले सात! मी खुर्चीवरून उठलो, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणालो, "समजुतीने घेतल्यावर असंच होतं!"

साडूने चष्मा पुसला. "दादा... ही परीक्षक मशीन वेळ कुणाकडून घेते हो?"

कुणाकडून म्हणजे... आणि मला आठवलं. माझ्याच प्रोग्रॅमकडून! अकरा वर्षांपूर्वी मीच जोडली होती! म्हणजे पेपर मी काढला, मीच सोडवला, मीच तपासला आणि पहिला आलो म्हणून नाचतोय! त्याचा प्रोग्रॅम बाहेरच्या चार घड्याळांना विचारतो, त्या दिवशी पाचवं माझंही धरलं होतं, आणि बाकीच्यांशी ज्याचं जमत नाही त्याच्यापुढे फुली मारतो, शेरा देतो, "खोटं घड्याळ." पडद्यावर एकच फुली होती. माझ्यापुढे! साहेब हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "सोमवारपासून नवा लावा. आणि तुम्ही ह्यांना मदत करा." मी! ह्यांना!

जाऊ द्या, म्हटलं, अजून एक घड्याळ आहे माझ्या हक्काचं. सासूबाईंच्या भिंतीवरचं. दर रविवारी स्टुलावर चढून मीच लावतो, लग्न झाल्यापासून. तर काल गेलो, स्टूल ओढलं, सासूबाई आतून म्हणतात, "राहू द्या हो, धाकट्या जावयांनी सकाळीच लावलं!" मी मोबाइल काढून ताडून पाहिलं, चूक सापडावी म्हणून देवाची प्रार्थना केली... सेकंदकाटासुद्धा बरोबर! वर सासूबाई म्हणतात, "किती अचूक चालतंय बाई! कधी नव्हे ते!" आणि साडू कोपऱ्यात बसून लाजतोय!

आता त्यांना कोण सांगणार, त्या घड्याळात सेल आदल्या रविवारी मीच घातलाय म्हणून? जळत नाहीये हो मी... पण निदान सेल तरी संपावा!