व्हर्लिनची मशिनं

—नाही रे बाबा, टोस्टर नाही तो. एवढा मोठा टोस्टर असतो का कुठे? डिस्क प्लेअर आहे, विकायलाच मांडलाय. उघड, उघड, चावत नाही. ताटाएवढी डिस्क आत घालायची, अर्धा सिनेमा झाला की उठायचं, ती पॅनकेकसारखी उलटी करायची आणि परत बसायचं. तिकडे हिरो खुन्याच्या दारावर टकटक करतोय — आणि इकडे आमचा नवरोबा उठला डिस्क उलटायला! 'आर्डिस, चित्र बघ किती स्वच्छ!' — बघितलं बाबा. सिनेमातल्या सोफ्यावरची धूळसुद्धा स्वच्छ दिसायची, आणि मग आमच्याही.

व्हर्लिन नाव त्याचं. आत बसलाय. या माणसाला देवाने एकच देणगी दिली — बाजारात दोन मशिनं आली, की त्यातलं हरणारं कुठलं ते याला बरोबर कळायचं, आणि नेमकं तेच हा घरी आणायचा. आमचं अख्खं डुलुथ गाव व्हीएचएस घेत होतं, याने बीटामॅक्स घेतला. का? तर चित्र जास्त चांगलं! असेल. पण कॅसेटच्या दुकानात गेलं की भिंतभर कॅसेटी शेजाऱ्यांच्या मशिनच्या, आणि आमच्यासाठी कोपऱ्यात एक फळी — तिच्यावर व्यायामाच्या कॅसेटी आणि एक मासेमारीची. ती मासेमारीची इतक्यांदा पाहिली, की शेवटी शेवटी ते मासेच मला ओळखायला लागले. मग हे ताट. मग लोक ब्लू-रेकडे वळले, तर हा एचडी डीव्हीडीचं खोकं छातीशी धरून आला — आणि थोड्याच दिवसांत बनवणाऱ्यांनीच हात टेकले. जॅनेल, आमची मुलगी, म्हणायची, 'डॅडी काय घेतात ते बघायचं आणि बरोब्बर दुसरं घ्यायचं.' माझी आईही तेच म्हणाली होती — 'दोघं तुझ्या मागे होते, आर्डिस, आणि तू नेमका हा निवडलास!' तो लेमन बार घे ना, घरचाच आहे.

आता काय, आता मशीनच नको. जॅनेलने भिंतीवर हा भलामोठा टीव्ही लावून दिला, जगातले सगळे सिनेमे हवेतून घरात. आणि तेव्हाच याचे डोळे गेले. — तोंड काय पाडतोस? तुझे नाही गेले. आधी मधलं दिसेना, कडेकडेचं दिसायचं. मग तेही पुसलं गेलं. जन्मभर 'चित्र बघ, चित्र बघ' करत हिंडलेला माणूस! देवाला विनोद जमतो हं, नाही असं नाही.

तर जॅनेलने शोधून काढलं — टीव्हीत एक माणूस असतो, तो आंधळ्यांना सांगतो पडद्यावर काय चाललंय ते. मधासारखा आवाज मेल्याचा. 'ती खिडकीपाशी जाते. ती रडते.' व्हर्लिनने दोन-चार दिवस ऐकलं आणि म्हणाला, 'बंद कर त्याला. ती खरं रडतेय का नाटकं करतेय, ते त्याला कळत नाही. आर्डिस, तू सांग.' मी! पहिल्या गोळीबारानंतर घोरणारी बाई! पण सांगते. 'हा मिशीवाला डांबरट आहे, व्हर्लिन. हिचा झगा हिला दोन मापं लहान आहे.' खूश असतो.

मागच्या हिवाळ्यात त्याचा लाडका सिनेमा लावला. शेवटी म्हातारा बाप बस-थांब्यावर एकटाच मरतो. बर्फ पडतंय, कुणी बोलत नाही, नुसता पियानो वाजतोय. मी बघितलं, आणि — जीभच उचलेना. म्हटलं, 'बस आली, व्हर्लिन. चढला तो. खिडकीपाशी जागा मिळाली.' हा म्हणतो, 'आर्डिस, हा सिनेमा मला पाठ आहे.' मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तर माझा हात थोपटून म्हणतो, 'असू दे. बसमध्ये ऊब आहे ना?'

—काही नाही गेलं डोळ्यात. तळ्यावरचं वारं आहे, या गावात उन्हाळ्यातसुद्धा रडवतं. तर, नेतोस का? चालणार म्हणजे काय, चालतंच! याची मशिनं कधी बिघडली नाहीत, जगच बिघडलं. आम्ही जॅनेलच्या जवळ राहायला चाललोय, दोन खोल्यांत. ही सगळी ठेवायची कुठे, माझ्या डोक्यावर? फक्त हळू उचल. आणि गाडीची डिकी आपटू नकोस. म्हणजे — त्याला वाटतंय, हे सगळं खोक्यांत भरलं जातंय. मीच सांगितलंय तसं. 'सगळी मशिनं येतायत आपल्याबरोबर, नव्या घरात त्यांच्यासाठी एक अख्खी भिंत आहे.' हो, भिंतसुद्धा सांगितली. रंगासकट. फिकट निळी. — असा बघू नकोस माझ्याकडे. लग्न झालंय तुझं? नाही ना? मग गप्प बस.

थांब — आला बघ पोर्चवर, काठी टेकत. तू बोलू नकोस. — कुणी नाही, व्हर्लिन! सामान न्यायला आलाय माणूस! — काय? — ते… डिस्कवालं. ते आधी न्यावं म्हटलं, जड आहे ना. — पायरी सांभाळ! — आणि हातात काय आणलंयस ते?

रिमोट.

तुला द्यायला सांगतोय. सकाळीच नव्या बॅटऱ्या घातल्यात म्हणतोय त्यात, तुझ्या घरी लगेच चालेल.

घे. अरे, घे ना त्याच्या हातातून. — आणि जा आता तू. जा.